गोळीत ऑक्सिजन किती, ते आधी मोज

सांगली

चि. विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

तुझा प्रोजेक्टचा आराखडा वाचला. फर्मी पातळीवरची (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेपाशी) डेन्सिटी ऑफ स्टेट्स, म्हणजे इलेक्ट्रॉनांना उपलब्ध अवस्थांची घनता, वाढली की क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याखाली पदार्थ अतिवाहक होऊन त्याचा विद्युतरोध शून्य होतो ते, वाढणारच, असं धरून तू सगळी आखणी केली आहेस. साध्या अतिवाहकांत ते बऱ्याच अंशी खरं आहे. साध्या अतिवाहकांच्या सिद्धांताच्या, म्हणजे बीसीएसच्या सूत्रात ही घनता घातांकात बसते. घनता आणि इलेक्ट्रॉनांमधलं आकर्षण यांचा गुणाकार ०.३० वरून ०.३३ झाला, की तेवढ्यावर तापमान सुमारे ३५ टक्क्यांनी चढतं.

क्युप्रेटमध्ये, म्हणजे तांबे-ऑक्सिजनचे थर असलेल्या अतिवाहकांत, हा हिशेब कोलमडतो. मूळ पदार्थात बँड अर्धा भरलेला असूनही आपसातल्या प्रतिकर्षणामुळे इलेक्ट्रॉन जागीच अडकतात आणि पदार्थ विद्युतरोधक ठरतो. साधं डीएफटी (इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडणारी संगणकी पद्धत) मात्र तिथे बिनदिक्कत धातू दाखवतं, म्हणून संगणकावर घनतेचं उंच शिखर दिसलं तरी हुरळून जाऊ नकोस. तांबे-ऑक्सिजनच्या थरातल्या दर तांब्यामागे साधारण ०.१६ होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) असताना क्रांतिक तापमान सर्वाधिक असतं. त्यापुढे होल वाढवले की ते उतरू लागतं.

वायबीसीओत, म्हणजे यट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजनच्या क्युप्रेटमध्ये, होल किती, हे ऑक्सिजन ठरवतो. म्हणून खरी मेहनत भट्टीपाशी कर. १० ग्रॅम मिश्रणाला यट्रियम ऑक्साइड १.५१, बेरियम कार्बोनेट ५.२९ आणि कॉपर ऑक्साइड ३.२० ग्रॅम घे. यट्रियम ऑक्साइड हवेतली ओल धरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ते आधी तापवून, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करूनच तोल. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क आणि हातमोजे हवेतच. ९२० अंश सेल्सिअसवर भाज, खल, पुन्हा भाज. पूड काळी हवी. हिरवट झाक दिसली तर २११ फेज (याच घटकांचा, अतिवाहक नसलेला हिरवा पदार्थ) उरली आहे, पुन्हा खलायला घे.

पूड दाबून केलेली गोळी ९४० अंशांवर भाजून झाली की ऑक्सिजनच्या झोतातच सावकाश ४५० पर्यंत उतरव आणि तिथे बरेच तास राहू दे. इथेच घाई होते. वायबीसीओच्या रासायनिक सूत्रात ऑक्सिजन ६.९३ असेल तर क्रांतिक तापमान ९२-९३ केल्व्हिन, ६.६ च्या आसपास जेमतेम ६०, आणि ६.३ च्या खाली अतिवाहकताच नाही. ६० केल्व्हिनची गोळी द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ वर, काहीच दाखवणार नाही आणि तू उगाच घटकांच्या प्रमाणाला दोष देत बसशील.

द्रव नायट्रोजनसाठी जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात चौकशी कर. भांड्याचं तोंड कधीही घट्ट बंद करू नकोस आणि खिडक्या उघड्या ठेव. रोध मोजायला गोळीला चांदीच्या पेस्टने चार तारा जोड, तापमापक गोळीला चिकटूनच बसव, नाहीतर आकडे काही अंशांनी चुकतात. आयोडोमितीने (आयोडीनच्या अनुमापनाने) ऑक्सिजनचं प्रमाण काढ आणि तो आकडा हाती आल्यावरच घनतेचा आलेख काढायला बस.