जुन्या फायबरग्लास कॅटामरानच्या हलवर वरून कार्बन फायबरचा थर दिला तर तो मजबूत होईल का?

नुसता वरून थर देऊन नाही होणार, आधी आत काय झालंय ते बघा. प्लॅस्टिकच्या हातोडीने सगळा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, हळूहळू ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे स्किन (फायबरग्लासचा थर) कोअरपासून (मधल्या हलक्या गाभ्यापासून) सुटलीय किंवा आतला बाल्सा (गाभ्याचं हलकं लाकूड) ओला होऊन कुजलाय, आणि ओल्या कोअरवर कितीही महागाचं कापड लावा, पाणी आत कोंडून ते परत सुटणारच. कॅटामरानमध्ये खरा ताण दोन्ही हल जोडणाऱ्या बीम आणि बल्कहेडच्या (हलमधल्या आडव्या भिंतींच्या) सांध्यांवर येतो, तिथल्या भेगा आधी तपासा प्लीज, बोट तिथूनच कमजोर होते.

रिपेअरला इपॉक्सी रेझिनच वापरा, जुन्या लॅमिनेटला (रेझिन आणि ग्लासच्या थरांना) ती पॉलिएस्टर रेझिनपेक्षा खूप चांगली धरते. भेगेची कड घासून उतार करायचा, लॅमिनेट ५ मिमी असेल तर निदान ६० मिमी म्हणजे १२ पट, आणि मग बायअॅक्सियल ग्लासचे (दोन दिशांना धागे असलेल्या कापडाचे) थर. साधी चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या धाग्यांची) नको, तिचा बाइंडर (धागे एकत्र धरणारा पदार्थ) बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो. एक थर पूर्ण सुकल्यावर दुसरा देणार असाल तर वरचा मेणचट थर पाण्याने धुऊन मगच घासा, हे लोक हमखास विसरतात.

कार्बन मी तरी टाळेन. तो ग्लासपेक्षा खूप ताठ, त्यामुळे लोड आधी तोच घेतो आणि पट्टी संपते तिथे ताण साठतो, शिवाय अॅल्युमिनियमला टेकला तर ते गंजतं. आणि घासताना मास्क लावाच, ती धूळ फार वाईट.