तज्ज्ञ डॉक्टर इंटरनेटवर शोधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सासूबाईंची बोटे रोज सकाळी तासभर आखडलेली असतात आणि मनगटांना सूज येते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी संधिवाततज्ज्ञांना दाखवण्यास सांगून तीन नावे लिहून दिली. एकांना इंटरनेटवर शेकडो रिव्ह्यू आणि जवळजवळ पाच स्टार आहेत. दुसऱ्यांचे मराठी व्हिडिओ पुष्कळ लोक पाहतात. तिसऱ्यांची मात्र एका रुग्णालयाच्या पानावर पदवी आणि ओपीडीची वेळ एवढीच माहिती सापडते. घरातील सर्वांचा कल पहिल्या नावाकडे आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ज्या डॉक्टरांनी सासूबाईंची मनगटे स्वतः तपासली आहेत त्यांनीच ही तीन नावे दिली आहेत, त्यामुळे निवडीचा अवघड भाग पार पडलेला आहे. आता इंटरनेटवर फक्त अशा गोष्टी पाहाव्यात, ज्यांची खातरजमा इंटरनेटवरील त्या पानाबाहेर करता येते.

त्यात नोंदणी पहिली. महाराष्ट्रात ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असावी लागते, दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंद शोधता येते. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार हा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असणे बंधनकारक आहे. 25 मार्च 2020 रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन किंवा इंटरनेटवरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक सूचनांनी तो डॉक्टरांच्या संकेतस्थळावरही मागितला. म्हणून एखाद्या पानावर सत्कारांची छायाचित्रे भरपूर असूनही क्रमांक कोठेच नसेल, तर तो विचारून घेण्यात संकोच बाळगू नये.

त्यानंतर पदवी पाहावी. आपल्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष आहे, कारण ‘सांधेदुखी तज्ज्ञ’ असे शोधल्यावर अस्थिरोग शल्यचिकित्सक, फिजिओथेरपिस्ट, आयुर्वेदाचे वैद्य आणि संधिवाततज्ज्ञ हे सगळे एकाच यादीत येतात. गुडघ्याचा सांधा बदलणारे एम.एस. ऑर्थोपेडिक्स आणि सांध्यांना सूज आणणाऱ्या, शरीराच्या प्रतिकारशक्तीतून उद्भवणाऱ्या आजारावर औषधोपचार करणारे संधिवाततज्ज्ञ यांची कामे वेगळी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या तज्ज्ञांनी साधारणपणे मेडिसिनमध्ये एम.डी. किंवा तिच्या तोडीची डी.एन.बी. ही पदवी घेतल्यानंतर त्या विषयातील डी.एम. किंवा तत्सम आणखी तीन वर्षांचे शिक्षण घेतलेले असते. अनुभवाने किंवा फेलोशिपने या विषयात तयार झालेले एम.डी. डॉक्टरही आहेत आणि त्यांच्याकडे जाण्यात काही गैर नाही. मात्र जे शिक्षण झाले असेल तेच त्यांनी लिहिलेले असावे. त्या शाखेची विशेष पदवी नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणे 2002 च्या नियमांनाच धरून नाही.

आता स्टारविषयी. अभिप्राय प्रामाणिक आहेत असे गृहीत धरले, तरी ते बहुधा प्रतीक्षेचा वेळ, स्वागतकक्षातील वागणूक आणि पुण्यात तर हमखास पार्किंग यांबद्दल असतात. ही माहिती निरुपयोगी नाही. हातपाय दुखणाऱ्या वृद्ध स्त्रीला तीन तास बसावे लागेल का, हे कळलेलेच बरे. परंतु निदान अचूक होते का, हे त्यातून कळत नाही. आमवातात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात, पुष्कळदा दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, त्याचा गुण दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि त्या काळात रक्तपेशी व यकृताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. पहिल्या भेटीनंतर घरी जाताना दिलेल्या पाच स्टारांत यातले काय उतरणार? शिवाय सर्व शाखांच्या रुग्णांना सारखेच मोकळेपणाने लिहिता येत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आजोबा आनंदाने लिहितात, तर मनोविकारतज्ज्ञांकडे बरी झालेली व्यक्ती आपल्या नावानिशी लिहिण्याचे बहुधा टाळते. भूलतज्ज्ञांचे तर नावही रुग्णाच्या लक्षात राहत नाही, आणि तरीही शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याचा जीव त्यांच्या हातात असतो. अभिप्रायांची संख्या ही म्हणूनच कौशल्याची मोजणी धरता येत नाही.

व्हिडिओ मात्र मी थोडे वेगळे मानते. रुग्णाला समजेल अशा मराठीत आजार समजावून सांगणे हे मोठे काम आहे आणि ते करणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. असा व्हिडिओ पाहताना एवढेच बघावे, की डॉक्टर औषधाच्या मर्यादा आणि दुष्परिणाम सांगतात का, आणि ‘प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सांगता येणार नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून येते का. संधिवात कायमचा बरा करणाऱ्या औषधाचा दावा दिसला तर तेथेच थांबावे. संधिवातावरील औषधांची जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे.

तिसऱ्या डॉक्टरांची माहिती थोडी आहे, एवढ्यावरून त्यांना बाजूला सारू नये. पुण्यातील अनेक ज्येष्ठ कन्सल्टंट सकाळी एका रुग्णालयात आणि संध्याकाळी दुसऱ्या पेठेत बसतात, आणि त्यांना नव्या रुग्णांची वानवा नसते. तिघांची नोंदणी आणि पदवी नीट असेल, तर मी निवड वेगळ्याच निकषावर करीन : सासूबाईंना दर महिन्या-दोन महिन्यांनी सहज नेता येईल असे ठिकाण कोणते, आणि औषध सुरू असताना ताप आला तर विचारायला फोन कोण उचलते. हा आजार वर्षानुवर्षे सांभाळायचा आहे.

प्रश्न : मी नेत्रतज्ज्ञ असून कोथरूडमध्ये नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे. एका एजन्सीने रुग्णांचे ‘आधी आणि नंतर’ असे फोटो, त्यांच्या मुलाखती आणि प्रत्येक रुग्णाला पाच स्टारची लिंक पाठवणे असा मासिक आराखडा दिला आहे. यातील काय चालते?
— एक डॉक्टर

उत्तर : आराखड्यातील फारच थोडे चालते. 2002 चे नियम रुग्ण मिळवण्यासाठी कोणत्याही माध्यमातून केलेली जाहिरात अनैतिक ठरवतात. प्रॅक्टिस सुरू होणे, पत्ता बदलणे, काही काळ अनुपस्थित असणे, पुन्हा रुजू होणे, शुल्क जाहीर करणे अशा मोजक्या बाबींची औपचारिक घोषणा करता येते. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहिण्याची आणि व्याख्यान देण्याची मात्र त्यात मुभा आहे, आणि इंटरनेटवरील संवादाचा उल्लेखही त्या कलमात आहे. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समाजमाध्यमांविषयी सविस्तर सूचना असलेले नवे नियम काढले होते. ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि 2002 चे नियम पुन्हा लागू झाले. स्थगिती मिळाली असली तरी लाईक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, रुग्णांकडून प्रशस्ती मागू नये, ही त्यांतील सूचना मला सर्वस्वी योग्य वाटते. तपासणीच्या खुर्चीत बसलेला रुग्ण डॉक्टरांना ‘नाही’ म्हणू शकत नाही.

आपल्या पानावर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता, वेळ, शुल्क आणि सुट्टीचे दिवस असू द्यावेत, आणि ते दर महिन्याला तपासावेत. लांबच्या गावाहून मधुमेही नातेवाइकाला डोळ्यात थेंब घालून तपासून घेण्यासाठी आणणाऱ्या माणसाला बंद दार दिसू नये, ही सेवाच आहे. नकाशावर आपल्या दवाखान्याची नोंद दुसऱ्या कोणी केली असण्याची शक्यता असते. ती शोधून स्वतःच्या ताब्यात घ्यावी.

प्रश्न : अपॉइंटमेंटसाठी इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकावर फोन केला, तर दहा रुपये भरण्यासाठी लिंक आली. भरावेत का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : भरू नयेत आणि त्यासोबत आलेले कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये. रुग्णालयाच्या नावाने खोटे क्रमांक पसरवून खाते रिकामे करण्याचा हा प्रकार आहे. जुन्या केसपेपरवरील किंवा बिलावरील क्रमांक वापरावा. पैसे गेले असतील तर तत्काळ 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

प्रश्न : मी दवाखान्यातील गैरसोयीबद्दल नावानिशी अभिप्राय लिहिला. उत्तरात माझा आजार आणि चालू औषधे सर्वांना दिसतील अशी लिहिली गेली. मी काय करू शकते?
— एक वाचक, औंध

उत्तर : आपल्याला झालेला मनस्ताप समजतो. रुग्णाने गैरसोयीची तक्रार जाहीरपणे केली, म्हणून आजार गुप्त राखण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य संपत नाही. दवाखान्यातर्फे ‘कृपया आमच्याशी संपर्क साधावा’ एवढेच लिहिणे पुरेसे होते. प्रथम त्या उत्तराचा दिनांकासह स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, मग ते काढून टाकण्याची लेखी मागणी दवाखान्याकडे करावी आणि त्या संकेतस्थळावरही नोंदवावी. मागणी मान्य झाली नाही, तर केसपेपर, स्क्रीनशॉट आणि पत्राची प्रत जोडून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपला मूळ अभिप्राय खरा असेल तर तो मागे घेण्याचे कारण नाही. केवळ त्यात आपण स्वतः आजाराचा उल्लेख केलेला असल्यास तेवढे वाक्य काढून टाकावे.