पावडर राहू द्या, आधी डॉक्टरांना मिसरीचं सांगा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. सहावा महिना, वजन चारच किलो वाढलंय, सोनोग्राफीत बाळ दोन आठवड्यांनी लहान दिसतंय, आणि तुम्ही विचारलंय की कोणती प्रोटीन पावडर घेऊ. खाली सगळ्याजणींनी पावडरींची नावं दिलीत, कुणी खजूर सांगितलाय, कुणी डिंकाचे लाडू. पण तुमच्या पोस्टच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे, "सकाळी मिसरी लावल्याशिवाय मळमळ थांबत नाही." त्या वाक्याला कुणीच हात लावलेला नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यानं पोटातलं बाळ लहान राहू शकतं. मी फक्त त्याच्यासाठी लिहायला बसलेय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. दोन मुलांची आई आहे आणि बारा वर्षं मिसरी लावलेली बाई आहे. गोळ्या, इंजेक्शनं, तपासण्यांच्या तारखा हे तुमचं चालूच असेल, त्यावर काही लिहीत नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. काहीजणी मशेरी म्हणतात, आमच्यात मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळून डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका लागतो म्हणून सासूबाई परड्यातल्या चुलीवर भाजायच्या, आणि थोरल्याच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून तवा हलवत होते. सकाळी उठल्याउठल्या, जेवण झालं की, दुपारी आणि रात्री निजायच्या आधी, अशी दिवसातून चार वेळा लावायची. बोटानं हिरडीला चोळायची, दहा-पंधरा मिनिटं उंबऱ्यावर बसायचं, मग चूळ. याला आम्ही कधी तंबाखू म्हटलंच नाही. तंबाखू म्हणजे पुरुषमाणसं चुना लावून तळहातावर मळतात ती. मिसरी म्हणजे दात घासणं.

आता जे सांगतेय ते मला अजून विसरता येत नाही. माझं नाव जिथं नोंदवलं त्या ठिकाणाचं नाव घेत नाही. टेबलावरच्या बाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "दारू, तंबाखू काही नाही ना?" मी म्हटलं, नाही. मी खोटं बोलत नव्हते. त्यांनी रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. त्या बाई आमच्याच भागातल्या होत्या. आमच्या भागात घराघरात ती डबी असते हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. "मिसरी लावता का?" एवढं विचारलं असतं तर मी तिथल्या तिथं हो म्हटलं असतं, त्यात लपवण्यासारखं मला काही वाटतच नव्हतं. पुढच्या प्रत्येक तपासणीला वरच्या ओळीतलं 'नाही' खालच्या ओळीत उतरत गेलं. माझ्या हिरड्या काळ्या पडलेल्या होत्या. तोंड उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पोरगा पूर्ण दिवसांचा झाला आणि वजन भरलं २ किलो ५० ग्रॅम. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. असं का झालं म्हणून तिथं विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुम्ही नीट खाल्लं नसेल." ताई, मी खात होते. भाकरी, कालवण, उसळ, दूध, सगळं. पण ते वाक्य कागदावर उमटल्यासारखं घरात पक्कं झालं. सुनेनं पोटात पोराला उपाशी ठेवलं, असं जाऊबाईंपासून शेजारपाजारापर्यंत सगळे बोलले. मलाही ते खरंच वाटलं. आणि मग मी भरपाई करायला लागले.

खरं कारण मला चार वर्षांनी दाढ काढायला गेले तेव्हा कळलं. दातांच्या डॉक्टरांनी ओठ बाजूला करून पहिला प्रश्न तोच विचारला, "मिसरी लावता का?" आणि दुसरा, "पोटुशी असतानाही लावत होता?" मग त्यांनी समजावून सांगितलं. मिसरीतलं निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात जातं, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे, म्हणजे प्लॅसेंटाकडे, रक्त कमी पोचतं. वारेतून जेवढं येईल तेवढ्यावरच बाळ वाढतं, आईच्या ताटात किती आहे हा पुढचा प्रश्न. मुंबईत बाराशेहून जास्त गरोदर बायांचा अभ्यास झाला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायांपैकी बहुतेकजणी मिसरीच लावणाऱ्या होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि दिवस भरायच्या आधी होण्याचं प्रमाणही जास्त होतं. १०५ ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं. दोन किलोच्या बाळाला ते थोडं नसतं.

म्हणून म्हणते, वारेकडे रक्तच कमी पोचत असताना पावडरीचे डबे रिचवून उपयोग काय?

दुसरी गोष्ट बाळ झाल्यावरची आहे, पण आत्ताच सांगून ठेवते, कारण तेव्हा तुमच्याभोवती माझ्यासारखीच माणसं असतील. लहान बाळाला लवकर गुटगुटीत करायच्या मागे लागू नका. मी लागले होते. बाटलीतलं दूध घट्ट करून, वर साखर. सहा महिन्यांनंतर तूपसाखर-पोळी, चहात बुडवलेली बिस्किटं. दर महिन्याला वजन करायला न्यायचे आणि काटा चढला की मला देवाला नारळ फोडावासा वाटायचा. उंची कुणी मोजत नव्हतं, मीही मोजायला लावली नाही. सात वर्षांचा असताना शाळेत तपासणी झाली, उंची १२१ सेंटिमीटर आणि वजन ३१ किलो. डॉक्टरीणबाईंनी त्याची कॉलर मागे केली आणि मानेवरची काळी घडी बघून थांबल्या. ती घडी मी दोन वर्षं बेसन-दही लावून घासत होते. मळ बसलाय म्हणून पोराला रडवून घासत होते. तो मळ नव्हता. रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत कातडी अशी जाड आणि काळी होते.

दोन किलोचं बाळ आणि ३१ किलोचा पोरगा, हे एकच मूल कसं, हे मला तेव्हा उलगडेना. नंतर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल वाचलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बाया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवलाय. तिथली बाळं इंग्लंडातल्या बाळांपेक्षा सुमारे आठशे ग्रॅमनं हलकी होती. पण ती कमतरता स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा बाळाला वर आणखी तूपसाखर भरली की ती कुठं जाणार? सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांवर परदेशात बरेच अभ्यास झालेत, त्यांतही हेच दिसतं. जन्मताना मूल लहान, आणि शाळेच्या वयात लठ्ठ होण्याचं प्रमाण जास्त.

त्याच खेड्यांतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. ज्या बायांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं वारंवार होती त्यांची बाळं मोठी भरली. नुसत्या जास्त भाकरीनं तो फरक पडत नव्हता. शिवाय ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिकच्या गोळीतलं जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा शरीर इन्सुलिनला दाद न देण्याचा त्रास त्यांच्यात सगळ्यांत जास्त दिसला, हे २००८ साली छापून आलंय. म्हणजे फॉलिकची गोळी बंद करा असं मी अजिबात सांगत नाहीये, ती सोडू नका. फक्त बी-१२ तपासायला सांगा, विशेषतः तुम्ही शाकाहारी असाल तर. माझं फार कमी निघालं होतं. दूध-दही तुमच्या वाट्याला खरोखर किती येतं हेही बघा. आमच्या घरी सायीचं दही पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जायचं, आम्हाला शेवटी ताक उरायचं, तेही पाणी घातलेलं. यावर मला आजही राग येतो, पण तो विषय इथं नको.

मिसरी सोडायचं. मला सोपं गेलं नाही, म्हणून सोपं आहे असं सांगणार नाही. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ, पोट साफ होईना, पोरावर उगाच हात उचलला गेला. मिसरीशिवाय मळमळतं असं तुम्ही म्हणता, मलाही वाटायचं. सवय लागल्यावर ती वेळ चुकली की जीव कासावीस होतो आणि लावली की शांत होतो, ते औषध वाटायला लागतं. मी नेहमीच्या वेळेला उंबऱ्यावर बसायचंच बंद केलं, त्या वेळी बडीशेप तोंडात टाकून चालायला जायचे. डबी घरातून बाहेर काढली, पण सासूबाई भाजायच्या तेव्हा वासानंच बोट शिवशिवायचं. म्हणून घरातलं भाजणं थांबवायला मालकांना मध्ये घातलं. तुम्हीही घाला, एकटीनं होत नाही. १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत नंबर आहे. निकोटीनचं च्युइंगम वगैरे गरोदरपणात मनानं घेऊ नका. आणि मिसरीऐवजी तपकीर किंवा गुल लावू नका, तीही तंबाखूच आहे.

धाकटी झाली तेव्हा मिसरी सुटून दहा महिने झाले होते, बी-१२ची इंजेक्शनं झाली होती, रोज एक पालेभाजी होती. ती २ किलो ७५० ग्रॅम भरली. यातलं श्रेय कशाला किती ते मी ठरवू शकत नाही. थोरला आता अकरा वर्षांचा आहे, सायकल चालवतो, मान बरीच उजळलीय, वजनाचं अजून चालूच आहे.

तपासणीला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. बाळाचे आठवडे पाळीवरून मोजलेत की पहिल्या सोनोग्राफीवरून? पाळी अनियमित असेल तर दोन आठवड्यांचा फरक मोजणीतलाही असू शकतो. आणि नाळेतून रक्त नीट वाहतंय का ते बघणारी डॉपलर सोनोग्राफी करायची का? बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी जा.

डॉक्टरांसमोर "तंबाखू नाही" असं तोंडातून सवयीनं निघून जाईल, माझं निघालं होतं. म्हणून मिसरीची डबी पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. तोंडानं सांगायला जमलं नाही तर चिठ्ठीवर 'मिसरी, दिवसातून इतक्या वेळा, इतकी वर्षं' असं लिहून द्या आणि कार्डावर तसं लिहून घ्या. कुणी रागावलं तर रागावू दे.

पुढचा रिपोर्ट आला की इथं कळवा, मी रोज बघत असते.