जर्मनीत फार नाव न झालेला मिडफिल्डर पुढे आपल्याच भागात प्रशिक्षक म्हणून करिअर करू शकतो का? एखादं खरं उदाहरण आहे का?

करू शकतो, पण घाई असलेल्याचं ते काम नाही. उदाहरण म्हणून मी एससी फ्रायबुर्ग या फुटबॉल क्लबचे माजी मुख्य प्रशिक्षक ख्रिस्तियान श्ट्राइश यांचं नाव घेईन. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीतली सर्वांत वरची फुटबॉल लीग, मी बरीच वर्षं बघतोय आणि बलाढ्य बायर्न म्युनिकपेक्षा फ्रायबुर्गचे सामने जास्त आवडीने बघत आलोय, ते मुख्यतः या गृहस्थांमुळे.

आधी खेळाडू म्हणून हिशेब बघू, तो पटकन संपतो. जन्म १९६५ चा, वाइल आम ऱ्हाइनचा. बालपण जवळच्याच आइमेल्डिंगेन गावात गेलं. जर्मनीचा हा नैऋत्य कोपरा, स्वित्झर्लंडचं बासेल शहर हाकेच्या अंतरावर. आईवडिलांचं मांसविक्रीचं दुकान. मिडफिल्डर म्हणून फ्रायबुर्गर एफसी (हा एससी फ्रायबुर्गहून वेगळा, त्याच शहरातला क्लब), मग श्टुटगार्टर किकर्स, १९८७-८८ चा एक हंगाम एससी फ्रायबुर्ग आणि तिथून होम्बुर्ग. होम्बुर्ग १९८९-९० मध्ये बुंडेसलिगात होतं, तेव्हा श्ट्राइशना तिथे १० सामने मिळाले. सर्वोच्च पातळीवरची त्यांची कमाई एवढीच. संघ त्याच वर्षी खालच्या विभागात गेला. एससी फ्रायबुर्गच्या त्या हंगामात त्यांच्यासोबत संघात योआखिम ल्योव्ह होते, तेही याच ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरातले. ल्योव्हनी पुढे प्रशिक्षक म्हणून २०१४ मध्ये जर्मनीला विश्वचषक जिंकून दिला. श्ट्राइश मात्र गाव सोडून गेलेच नाहीत म्हणा ना.

खेळता खेळताच त्यांनी शिक्षणाची राहिलेली बाजू भरून काढली. आधी कंपनीत कारकुनी स्वरूपाच्या कामाचं प्रशिक्षण झालेलं होतं. नंतर मोठेपणी अबिटूअर, म्हणजे आपल्याकडच्या बारावीसारखी परीक्षा, दिली आणि शिक्षक व्हायचं म्हणून जर्मन, इतिहास आणि क्रीडा हे विषय घेतले. त्यांचं प्रशिक्षकपण मला कायम शाळामास्तरासारखं वाटत आलंय. पत्रकार परिषदेत कोणी निर्वासितांबद्दल किंवा उजव्या पक्षांबद्दल विचारलं तर हे सामना बाजूला ठेवून सविस्तर बोलणार, तेही त्या भागातल्या अस्सल अलेमानिक बोलीत. उत्तरेकडच्या जर्मनांनाही ती नीट कळत नाही!

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर १९९५ ते २०११ या काळात आहे. या सोळा वर्षांत ते एससी फ्रायबुर्गच्या युवा संघांचे प्रशिक्षक होते. बाहेर त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. क्लबने २००१ मध्ये फुटबॉल शाळा सुरू केली ती म्योझले मैदानावर. हे पूर्वी फ्रायबुर्गर एफसीचं मैदान, म्हणजे ज्या क्लबमधून श्ट्राइश खेळले त्याचंच. इथल्या मुलांना खेळाइतकंच शाळेचं शिक्षणही पूर्ण करावं लागतं, कारण त्यातले बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत हे क्लबला ठाऊक असतं. श्ट्राइश यांच्या हाताखालच्या पोरांनी २००६, २००९ आणि २०११ मध्ये जर्मन युवा चषक जिंकला आणि २००८ मध्ये १९ वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद. गोलरक्षक ऑलिव्हर बाउमान, बचावपटू ओमेर तोप्राक हे त्याच काळातले.

डिसेंबर २०११ मध्ये मुख्य संघ १७ सामन्यांत १३ गुण घेऊन तळाला होता. प्रशिक्षक मार्कुस झोर्ग यांना काढलं आणि त्यांचा सहाय्यक असलेल्या श्ट्राइशकडे संघ आला. त्याच महिन्याभरात गोल करणारा मुख्य माणूस पापिस सिसे न्यूकॅसलला विकला गेला आणि अनेक जुन्या खेळाडूंना बाहेरची वाट दाखवली गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, यांनी खाली जायचं ठरवूनच टाकलंय. पहिला सामना ऑग्सबुर्गशी. श्ट्राइशनी १८ वर्षांच्या माथियास गिंटरला मैदानात उतरवलं, हा त्यांच्याच युवा संघातला, आणि त्याने शेवटच्या मिनिटांत गोल करून सामना १-० ने जिंकून दिला. असे निर्णय घ्यायला मुलं आधीपासून ओळखीची लागतात. नावाजलेला पण बाहेरून आणलेला प्रशिक्षक जानेवारीत त्या पोराचं नाव पाठ करत बसला असता. हंगाम संपला तेव्हा संघ १२ वा होता, पुढच्या वर्षी थेट पाचवा.

दुसरी गोष्ट क्लबची. २०१५ मध्ये बायर्नला हरवल्यानंतर पुढच्याच आठवड्यात हॅनोव्हरला हरून फ्रायबुर्ग दुसऱ्या विभागात घसरलं. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षकाने सोमवारी सामान बांधलं असतं. इथे कोणी हलवलं नाही, आणि पुढच्या वर्षी लाइपझिगला मागे टाकून ते पहिल्या क्रमांकाने परत वर आले. फोल्कर फिंके यांना याच क्लबने १९९१ पासून १६ वर्षं ठेवलं होतं, त्यामुळे ही सवय जुनीच. २०२२ मध्ये जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, तिथे लाइपझिगविरुद्ध पेनल्टीवर हरले. कर्णधार ख्रिस्टियान गुंटरची पेनल्टी वाया गेली. तोही ब्लॅक फॉरेस्टमधल्या खेड्यातला, याच युवा संघातून आलेला. मला त्या रात्री श्ट्राइशपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२०२४ मध्ये त्यांनी स्वतःहून थांबायचं ठरवलं. शेवटचा सामना उनिओन बर्लिनकडे, तोही हरले, आणि विजयी गोल केला तो फ्रायबुर्गच्याच जुन्या खेळाडूने, यानिक हाबेररने. त्यांच्या जागी आला युलियान शुस्टर, तोही मिडफिल्डर, क्लबचा माजी कर्णधार. २०१८ मध्ये खेळणं थांबवल्यावर युवा संघ आणि मुख्य संघ यांना जोडणारा प्रशिक्षक म्हणून तो तिथेच काम करत होता. पहिल्याच हंगामात संघ पाचवा. म्हणजे श्ट्राइश हे एकटं अपघाती उदाहरण नाही, निदान या एका क्लबात तरी.

आता पोटापाण्याचं. जर्मन महासंघाचे प्रशिक्षक-परवाने पायरीपायरीने घ्यावे लागतात, बुंडेसलिगासाठी सर्वांत वरचा लागतो. खालच्या विभागांत, गावच्या क्लबमध्ये, प्रशिक्षण हे बहुधा नोकरी सांभाळून संध्याकाळी करायचं काम असतं. मिळणाऱ्या मानधनाला करात सूट आहे, २०२१ ते २०२५ या काळात ती वर्षाला ३००० युरोपर्यंत होती. त्यावर घर चालत नाही. तुमच्या ओळखीचा कोणी या वाटेने जाणार असेल तर आधी दुसरा कामधंदा पक्का करायला सांगा, आणि क्लब निवडताना मागच्या दहा वर्षांत त्यांनी किती प्रशिक्षक बदलले ते आधी बघायला सांगा.