सागवानी दिवाणाला घरीच पॉलिश केलं. कुठे पांढरट पडलं, कुठे चिकट राहिलं. सगळं खरवडून पुन्हा करावं लागेल का?

नाही. निदान अजून तरी पॉलिश पेपर हातात घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एकाच दिवाणाला तीन वेगवेगळी दुखणी आहेत: पायांवर पांढरट धुरी, बैठकीच्या फळ्या हाताला चिकटतात, आणि पाठीला जिथे डोकं टेकतं तिथे पॉलिश फाकून बारीक खळगे पडलेत. तिघांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. बहुतेक लोक सगळ्यावर एकच औषध करतात, ते म्हणजे पॉलिशचा आणखी एक हात मारणं. त्याने तिन्ही वाढतात.

आधी पक्कं करा की लाकडावर नेमकं काय आहे. तुम्ही मारलंय ते लाखेचं, पण खालचा जुना थर कशाचा हे बघितलेलं दिसत नाही. मागच्या बाजूला, भिंतीकडे, नवं पॉलिश न पोहोचलेली पेरभर जागा शोधा. कापसावर स्पिरिट घेऊन मिनिटभर दाबून धरा. मऊ पडून कापूस तपकिरी झाला तर लाख. काही झालं नाही तर तेच थिनरने करा. थिनरने विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोजचं) लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जुनं तेली वार्निश. जुनं सागवान असेल तर लाखच निघायची शक्यता जास्त, आणि ती निघाली तर तुम्ही नशीबवान. लाखेचा नवा हात जुन्या लाखेत विरघळून एकजीव होतो, म्हणून ते दुरुस्त करता येतं. पीयूचं तसं नसतं.

आता पांढरी धुरी. तुम्ही लिहिलंय, मे महिन्यात दुपारी, हॉलमध्ये, कूलर लावून काम केलं. इथेच सगळं आलं. नागपूरची मेमधली हवा कोरडी ठणठणीत असते, तिचा दोष नाही. दोष कूलरचा. तो खसाच्या ताट्यांतून ओली हवा थेट दिवाणावर फेकतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्या ओल्या हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थरात अडकतं. तीच धुरी. जुलै-ऑगस्टात हेच कूलरशिवायही होतं. आमच्याकडे पॉलिशला येणारे काका दारातूनच म्हणायचे, "कूलर बंद करा आधी, मंग बोलू." घरच्यांना राग यायचा, पण माणूस बरोबर होता.

उपाय सोपा आहे. सकाळी लवकर, कूलर बंद, खिडकी उघडी. कापसाचा बोळा जुन्या धुतलेल्या सुती कपड्यात गुंडाळा, त्यावर स्पिरिट घ्या आणि घट्ट पिळा. हाताच्या मागच्या बाजूला लावला तर गार वाटला पाहिजे, ओल दिसता कामा नये. मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलका फिरवा. बोळा हलतच टेकवायचा आणि हलतच उचलायचा. मध्ये थांबला की तिथे खड्डा पडलाच. धुरी बहुतेक डोळ्यांसमोर जाते. धुरी लॅकरच्याच थरात असेल तर हे काम स्पिरिटने होणार नाही, त्याला अँटी-ब्लश थिनरचा (धुरी घालवणाऱ्या, सावकाश उडणाऱ्या थिनरचा) अगदी पातळ फवारा लागतो.

चिकटपणाबद्दल दोन शक्यता. एक, लाखच जुनी. स्पिरिटमध्ये भिजवलेली लाख वर्षभर बाटलीत राहिली की नीट कडक होत नाही. उरलेलं पॉलिश काचेच्या तुकड्यावर थेंबभर पसरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी नखाची खूण उमटली तर ते फेकून द्या. एक लिटर स्पिरिटला साधारण सव्वाशे ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची मिळते ती) भिजवून ताजं करा. नागपुरात लकडगंज-इतवारीकडे साहित्य सहज मिळावं. दुसरी शक्यता मला जास्त दिसते, कारण तुमचे बाबा दर दिवाळीला फळ्यांना जवसाचं तेल चोळायचे असं तुम्ही लिहिलंय. कच्चं, म्हणजे खायचं जवसाचं तेल वाळायला आठवडे घेतं, जाड चोळलं तर त्याहून जास्त, आणि त्यावर लाख बसत नाही. बैठकीवरचं चिकट पॉलिश स्पिरिटने पुसून काढा, मग टर्पेंटाइनने फळ्या पुसत राहा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. नंतर दोन दिवस नुसत्या राहू द्या.

ती तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ही ऐकीव भीती नाही, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर त्याला मदतच करतो. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

पाठीवरचे खळगे म्हणजे डोक्याचं तेल, दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं तेल लावलेली डोकी तिथेच टेकली. (चकाकी आणणारा सिलिकॉनचा फवारा कधी मारला असेल तर तोही हेच करतो, आणि तो जायला जास्त त्रास देतो.) तिथलं नवं पॉलिश काढा, टर्पेंटाइनने तीन-चार वेळा पुसा, दर वेळी कापड बदला, तेच कापड फिरवलं तर तेल फक्त इकडून तिकडे जातं. मग लाखेचे पातळ हात, दोन हातांत तासाभराचं अंतर. खळगे भरायला जाड हात देऊ नका.

पेपरचं काम शेवटी, आणि थोडंच. हात वाळल्यावर ३२० नंबरने हलकं घासा, शेवटच्या हाताआधी ४००. पाठीची मधली फळी विनीरची (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याची) असेल तर तिथे फारच जपून, कारण विनीर अर्धा मिलिमीटर असलं तरी पुष्कळ.

बैठक टिकावी म्हणून वरून पीयू मारण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. साध्या लाखेत मेण असतं, त्यावर पीयू धरत नाही आणि पुढे सालपटं निघतात. मारायचंच असेल तर लाखेचं द्रावण काही दिवस स्थिर ठेवा, मेण खाली बसलं की वरचं नितळ तेवढं वापरा. मी मात्र मारणार नाही. लाखेवर चहाचा पांढरा डाग पडला तरी स्पिरिटच्या बोळ्याने जातो, पीयू खरवडावंच लागतं.

झाल्यावर आठवडाभर गादी टाकू नका, आणि टाकाल तेव्हा रेक्झिनची नको, कापडी खोळीची टाका. रेक्झिन पॉलिशला मऊ करून चिकटून बसतं.