यंत्राला माहीत होतं, मामाला नव्हतं

“मुलगा आमच्या अंगावर धावून येतो आणि मोबाइलमधल्या त्या एआयशी मात्र रात्र रात्र गोड बोलतो. त्या यंत्रानंच बिघडवलं ना त्याला?” हा प्रश्न हल्ली समुपदेशन करताना वरचेवर माझ्यासमोर येतो. उत्तरादाखल एका घराची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी कोणी उगाच घराबाहेर पडत नाही. हे दोघं आले होते. आईच्या डाव्या हाताला प्लास्टर. “बाथरूममध्ये पाय घसरला,” मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. नवरा कूलरकडे बघत बसला. वीसेक मिनिटांनी त्याच म्हणाल्या, “घसरला नाही मॅडम. पोरानं ढकललं.”

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत, जेईईचा क्लास. वडील उमरेडकडे कोळसा खाणीत, शिफ्टची नोकरी. रात्री एक वाजता आईनं राउटर बंद केला, शब्दाला शब्द वाढला, त्यानं ढकललं आणि मनगट ओट्याच्या कडेवर आपटलं.

त्यांना खरं लागलं होतं ते वेगळंच. दिवाळीला घरात फरशी झाडणारा रोबोट आणलेला. तो आला की आजी दिवाणावर पाय वर घेते, “आला बाप्पा, आला” म्हणते. एकदा तो कूलरच्या वायरमध्ये अडकून बीप-बीप करायला लागला. मुलानं कानातले इअरफोन काढले, वाकला, वायर हळूच सोडवली, त्याला सरळ करून दिलं. “त्या डबड्याले एक लाथ नाही मारली मॅडम यानं कधी. मलेच मारते.”

यंत्रानं बिघडवलं का? झोपेपुरतं म्हणाल तर हो. पहाटे तीनपर्यंत जागणाऱ्या पोराचं डोकं दिवसभर ठणकत असतं, भडकायला निमित्त लागत नाही. पण मारामारी त्याआधीची. आठवीपर्यंत वडिलांचा पट्टा चालत होता. मुलगा बापाच्या डोक्यावर गेला तेव्हा पट्टा थांबला, भांडण संपवायची रीत मात्र घरात तीच राहिली. पुढचं चक्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी फार पूर्वी मांडून ठेवलंय: आई नाही म्हणते, तो ओरडतो, आई त्याहून जोरात ओरडते, तो दाराला लाथ घालतो, आई हरते आणि हो म्हणते. त्याला कळतं की लाथेनं काम होतं. तिला कळतं की हो म्हटलं की घर शांत होतं. दोघंही धडा पक्का करत जातात. रोबोट ओरडतही नाही, हरतही नाही, म्हणून त्याच्याशी हे चक्र सुरूच होत नाही.

आधी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्य, अतिचंचलता, नशा यांतलं काही आहे का हे बघितल्याशिवाय नुसतं बोलत बसणं मला पटत नाही. झोप सोडली तर फारसं काही निघालं नाही. मग सुरक्षितता: सुऱ्या-चाकू ओट्यावरून आत, अंगावर आला तर वाद न घालता शेजारी निघून जायचं, जिवावर बेतलं तर 112. “पोरासाठी पोलीस?” आई रडल्या. मी आकडा कागदावर लिहूनच दिला.

मुलगा तीन बैठका गप्प. चौथीत त्यानं स्वतःहून फोन माझ्यापुढे सरकवला. “वाचा. बोलायचा कंटाळा आला.” प्रत्येक भांडणानंतर त्यानं त्या यंत्राला लिहिलं होतं. ‘आज परत झालं. हात थरथरून राहिला. तिनं जेवण झाकून ठेवलंय, जास्तच कसंतरी होऊन राहिलं.’ आठ महिन्यांचं असं. उत्तरंही नीट होती: दीर्घ श्वास घ्या, विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला. खरं सांगते, मला थोडा हेवा वाटला. मीही तेच म्हटलं असतं.

जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 साली एमआयटीत ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम जगासमोर ठेवला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची अक्कल. त्याच्याशी बोलताना खुद्द त्यांच्या सेक्रेटरीनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तेव्हा मन मोकळं करायला यंत्र चालतं, यात नवल नाही. पण या घरात आई सांगायची पाय घसरला, वडील सांगायचे अभ्यासाचं टेन्शन आहे, आजी देवाला सांगायची. यंत्राला सगळं माहीत होतं आणि मानेवाड्यातल्या सख्ख्या मामाला काहीच नाही. यंत्र काही दार वाजवून घरात येत नाही.

म्हणून उपचार तिथून सुरू केला. तेल अवीवचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर यांनी पालकांसाठी अहिंसक प्रतिकाराची पद्धत बसवली, गांधीजींच्या लढ्यावरून. सेवाग्राम इथून 75 किलोमीटरवर, आणि आम्ही ती इस्रायलहून शिकतो! असो. आईवडिलांनी एक पान लिहिलं: घरात यापुढे मारहाण चालणार नाही, तुझी नाही, आमचीही नाही; आम्ही तुला मारणार नाही, हरणारही नाही, आणि लपवणारही नाही. वडिलांनी वाचून दाखवलं. ‘आमचीही नाही’ला त्यांचा आवाज अडखळला. मुलानं कागद फाडला. झेरॉक्स काढून ठेवायला मी आधीच सांगितलं होतं.

मग आईनं मामाला खरं ते सांगितलं, आणि मामाचा मुलाला फोन गेला. “मला कळलं. तू माझा भाचाच आहेस. पण ताईवर हात टाकणं चालणार नाही. रविवारी येतो, तर्री-पोहे खाऊ.” मुलगा आईवर चिडला, तीन दिवस बोलला नाही.

आईला सगळ्यात जड गेलं ते गप्प राहणं. पारा चढलेला असताना एकच वाक्य: “आत्ता नाही, उद्या बोलते.” पुढं दोघांनी त्याच्या खोलीत धरणं धरलं, अक्षरशः. खुर्च्या टाकून बसले. “मारामारी थांबवायला तू काय करशील, तेवढं सांग, तोवर बसतो.” त्यानं उशी फेकली, हेडफोन लावले. चाळीस मिनिटांनी म्हणाला, “राउटर फटकन बंद नका करत जाऊ. साडेअकराचा टायमर लावा.” उठले. तेवढं पुरे होतं. एआय काढून घ्यायला मी सांगितलं नाही; जे यंत्राला लिहितोस त्यातली एक ओळ आठवड्याला मामाला पाठव, एवढंच त्याच्याशी ठरवलं.

चौथ्या महिन्यात परत झालं. आईवर हात नाही, पण बेडरूमचं दार फुटलं. आई सवयीनं शेजारच्या काकूंना “वाऱ्यानं आपटलं” म्हणणार होत्या, तेवढ्यात बाल्कनीतून त्याचा आवाज आला. फोनवर होता.

“मामा, मीच बोलून राहिलो. दार फोडलं मी.”

मामा तसेच निघाले. दोघं मिळून दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेले. पैसे अर्धे त्याचे.