चाक घरी काढा, टायर दुकानात चढवा: वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे आहेत, टायर बदलायचाय तर चाक घरी काढून नेऊ का. म्हणून क्लच, मायलेज, बॅटरीवाले प्रश्न पुढच्या अंकात, यावेळी फक्त चाकं.

प्रश्न: माझी स्प्लेंडर आहे, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, मॅग व्हील. मागचा टायर गुळगुळीत झालाय. मागच्या वेळी जवळच्या पंक्चरवाल्याने लोखंडी पट्ट्या घालून टायर काढला, रिमच्या कडेला खरचटलं आणि तेव्हापासून हवा हळूहळू जाते. म्हापशात एकाकडे मशीन आहे पण तो म्हणतो सुटं चाक आणा, गाडी खोलायला माझ्याकडे माणूस नाही. मी स्वतः चाक काढू शकतो का? आधी कधी केलेलं नाही. (एक वाचक, डिचोली)

उत्तर: नक्की काढू शकता. टायर रिमवर चढवणं मशीनचं काम, ते घरी नको, पण चाक काढणं-बसवणं तुमच्या आवाक्यातलं आहे. फक्त एक गोष्ट मनात पक्की धरा की काढताना फारसं काही बिघडत नाही, जे बिघडतं ते बसवताना. म्हणून पाना लावायच्या आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा, नट कुठल्या बाजूला, वॉशर कुठे, बुश (एक्सलवर बसणारी छोटी नळी) कुठे, चेन अ‍ॅडजस्टरची खूण कितव्या रेघेवर, सगळं दिसलं पाहिजे.

पाने रिंगचे किंवा बॉक्सचे घ्या, उघड्या तोंडाचा पाना घसरला की नटाचे कोपरे गेलेच. बाकी पक्कड, नायलॉनचा हातोडा नाहीतर साधा हातोडा आणि लाकडाचा तुकडा, थोडं ग्रीस, फडकी. जागा सपाट आणि टणक हवी, पावसात भिजलेल्या अंगणात मेन स्टँड रुततो आणि गाडी कलते, त्यापेक्षा पोर्चमध्ये करा. आणि टेकू म्हणून चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, लावू नका! आपल्याकडे घराच्या मागे चार-पाच चिरे पडलेले असतातच म्हणून सगळे तेच उचलतात, पण चिरा ठिसूळ असतो, जोर एका कोपऱ्यावर आला की फुटतो. लाकडाचा ओंडका घ्या.

गाडी मेन स्टँडवर घ्यायच्या आधी, दोन्ही चाकं जमिनीवर असताना, एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याचा, नट फक्त सैल करा. हा नट घट्ट असतो, स्टँडवर उभ्या गाडीला जोर लावला तर गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरू शकते. मग स्टँडवर घ्या, ब्रेक रॉडचा अ‍ॅडजस्टर नट काढा, स्प्रिंग आणि पिन निघाली की लगेच रॉडवरच परत लावून नट अडकवून ठेवा म्हणजे हरवत नाही. ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी, टॉर्क आर्म, तिची स्प्लिट पिन (नट निघू नये म्हणून घालतात ती दोन पायांची पिन) आणि नट काढून ती मोकळी करा. आता एक्सलचा नट पूर्ण काढून एक्सल बाहेर ओढा, अडला तर लाकूड मध्ये धरून ठोका, थेट हातोडा मारलात तर आटे खराब होतील.

चेनच्या बाजूला एक्सलच्या नटाच्या आत अजून एक मोठा नट दिसेल, त्याला स्लीव्ह नट म्हणतात, त्याला हात लावायचा नाही. तो स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, धरून ठेवतो आणि त्याच्यामुळेच चेन न काढता चाक निघतं. एक्सल निघाला की ब्रेकच्या बाजूचा बुश खाली पडेल, तो उचलून ठेवा, चाक ब्रेकच्या बाजूला सरकवा म्हणजे ते स्प्रॉकेटच्या रबरांतून सुटेल, आणि मग कोणालातरी गाडी थोडी कलती धरायला सांगून मडगार्डखालून बाहेर काढा. एकट्याने हे करू नका. ब्रेक प्लेट आणि हबमधली रबरं घरीच ठेवा, म्हापशाला जाता जाता रबर कुठे पडलं तर दुकानदार तुम्हाला सांगायला येणार नाही. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता बसवणं. एक्सल पुसून त्याला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, ड्रमच्या जवळ ग्रीस अजिबात जाऊ देऊ नका. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा, खरखरत असेल तर आत्ताच बदला कारण चाक तसंही बाहेरच आहे. बुश त्याच बाजूला, फोटो बघून. चाक रबरांत नीट बसलं का बघा, मग एक्सल आत घाला, तो हाताने किंवा हलक्या ठोक्याने गेला पाहिजे, खूप ठोकावं लागत असेल तर काहीतरी तिरकं आहे, थांबा आणि शोधा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती ब्रेकची पट्टी. ब्रेक दाबला की शूज, म्हणजे ब्रेक प्लेटवरचे ब्रेकचे अर्धगोल तुकडे, ड्रमला घासतात आणि ड्रम त्यांना आपल्याबरोबर फिरवायला बघतो, ते फिरू नयेत म्हणून ही एक पट्टी सगळा जोर घेते. ती लावायची राहिली, किंवा नट लावला पण स्प्लिट पिन घातली नाही आणि नट हळूहळू निघून गेला, तर एके दिवशी जोरात ब्रेक मारल्यावर ब्रेक प्लेट फिरते, रॉड वाकतो आणि चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. त्यात माणूस जातो. म्हणून जुनी स्प्लिट पिन परत वापरू नका, नवी काही रुपयांत मिळते, दोन जास्तीच्या आणून ठेवा.

एक्सलचा नट आवळताना ब्रेक पेडल दुसऱ्याला दाबून धरायला सांगा म्हणजे शूज ड्रमच्या मधोमध बसतात. नट किती आवळायचा ते मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं, टॉर्क रेंच असेल तर उत्तम. नसेल तर अंदाजासाठी, ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की साधारण ५९ न्यूटन मीटर होतात, त्यावरून तुमच्या मॅन्युअलच्या आकड्याचा हिशोब करा आणि नंतर जवळच्या गॅरेजमध्ये रेंचने तपासून घ्या. पाईप लावून अंगाचा सगळा भार टाकून आवळणं हे सैल ठेवण्याइतकंच वाईट.

प्रश्न: मी कॉलेजला जाते, माझ्या बाईकला पुढे डिस्क आणि एबीएस आहे. व्हिडिओ बघून पुढचं चाक व्यवस्थित काढलं, टायर बदलून आणला, पण मधल्या वेळात धाकट्या भावाने ब्रेकचा लिव्हर दाबला आणि आता डिस्क पॅडमध्ये जातच नाही. ब्रेक खराब झाला का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: नाही, घाबरू नका. मध्ये डिस्क नसताना लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि पॅड जवळ येतात, एवढंच. एक पातळ चपटी लाकडी पट्टी दोन पॅडच्या मध्ये घालून हळूहळू पॅड मागे ढकला, तिरकं उचकटू नका. त्याआधी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष असू द्या, पिस्टन मागे गेले की ऑइल वर येतं, डबा काठोकाठ असेल तर ते बाहेर सांडतं आणि हे ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. कॅलिपरमधून (पॅड आणि पिस्टन ज्यात असतात तो भाग) ऑइल गळताना दिसलं तर मात्र स्वतः काही करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पुढच्या वेळी चाक निघालं की लगेच पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा, आणि भावाला कामाला घ्या, गाडी धरायला माणूस लागतोच. चाक जमिनीवर आडवं ठेवताना डिस्क वरच्या बाजूला, टायरवाल्यालाही हे सांगून ठेवा, डिस्कवर चाकाचं वजन आलं तर ती वाकते. डिस्कवर ग्रीस किंवा तेलाचा हात लागू देऊ नका. एबीएसचा सेन्सर आणि भोकं असलेली गोल रिंग, दोन्हींवर माती नको, वायर आधी होती त्याच क्लिपमधून घ्या. काही गाड्यांत चाकाच्या बाजूला स्पीडोमीटरचा गिअर असतो, त्याच्या जिभा हबच्या खाचेत बसल्याशिवाय एक्सल आवळलात तर त्या चेपतात.

आणि एक्सल हलका आवळून झाला की गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा खाली-वर दाबा म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय आपोआप सरळ रेषेत येतात, मग एक्सल पूर्ण आवळा, आणि एक्सल धरणारा छोटा बोल्ट असेल तर तो सगळ्यात शेवटी. गाडी चालू करायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिल्या वळणावर ब्रेक हाताला लागणारच नाही.

प्रश्न: मी फोंड्यात पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) आहे, दिवसभर मागे पॅसेंजर असतो. गॅरेजमध्ये मागचा टायर बदलून घेतल्यापासून चेन कुरकुरते आणि गाडी एका बाजूला ओढते असं वाटतं. गाडी दिवसभर गॅरेजमध्ये ठेवली तर धंदा बुडतो, घरी काय बघू? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: तुमचं पोट ह्या गाडीवर आणि मागे रोज दुसऱ्याचा जीव, त्यामुळे आज रात्रीच बघा. आधी दोन्ही बाजूंच्या चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या रेघेवर आहेत का ते मोजा. खुणांवर भरवसा नसेल तर स्विंग आर्म जिथे फ्रेमला जोडलाय त्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा, फरक असेल तर चाक तिरकं आहे आणि ओढण्याचं कारण तेच असण्याची शक्यता जास्त.

मग चेन. चाक फिरवत फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधा आणि तिथे खालची चेन मधोमध वर-खाली किती हलते ते मोजा, कम्युटर गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर सांगितलेलं असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. माणूस मागे बसला की सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते, म्हणून स्टँडवर जरा ताठ बरी वाटणारी चेन तुमच्यासारख्याला चालणार नाही, ती स्प्रॉकेट आणि इंजिनमधलं बेअरिंग दोन्ही खाते. चेन अ‍ॅडजस्ट करताना मात्र, पहिल्या उत्तरातला तो मोठा स्लीव्ह नट तुमच्या गाडीला असेल तर, तोही सैल करावा लागतो आणि नंतर आवळावा लागतो. हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवून. इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावणारे अजून दिसतात, चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर ते परत येत नाही.

शेवटी टायर. त्याच्या काठाला रिमजवळ एक बारीक गोल रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी, एका जागी आत गेलेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, ते काम दुकानात परत जाऊनच.

प्रश्न: मांद्र्याला समुद्राजवळ राहतो, एक्सल गंजून जाम झालाय, ठोकून ठोकून थकलो. गॅसने गरम करू का? (एक वाचक, मांद्रे)

उत्तर: नको, शेजारीच बेअरिंगचं सील, ग्रीस आणि टायर आहे. गंज सोडवणारा स्प्रे दोन्ही टोकांना मारून रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. मग आधी ठोकू नका, डोक्याला पाना लावून एक्सल जागच्या जागी गोल फिरवायचा प्रयत्न करा, फिरला की अर्धी लढाई जिंकलात. ठोकताना नट एक्सलच्या टोकाला समपातळीत लावून त्यावर लाकूड ठेवून ठोका. निघाला की पॉलिश पेपरने घासा, वाकडा किंवा खड्डे पडलेला असेल तर नवा घ्या, आणि खाऱ्या हवेत राहताय तर टायर बदलायची वाट न बघता दर पावसाळ्यानंतर एकदा काढून ग्रीस करत जा.

प्रश्न: नवा टायर घेताना काय बघायचं, आणि बसवून लगेच चोर्ला घाटातून बेळगावला गेलो तर चालेल का? (एक वाचक, साखळी)

उत्तर: साईज तीच घ्या. समजा १००/९०-१७ ५५पी लिहिलंय, तर रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंच, ५५ म्हणजे एका टायरला २१८ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. चार आकड्यांची तारीख असते, ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक देतानाच दुकानदाराला गाडीची पुढची बाजू कुठली ते खडूने खूण करून द्या. स्पोकच्या बहुतेक रिमना ट्यूब लागते, तसं असेल तर टायरबरोबर ट्यूबही नवी घाला. आणि चाक हातात आहे तोवर बॅलन्सिंग करून घ्या.

चोर्ल्याला लगेच नको. नवा टायर वरून गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर रोजच्या रस्त्यावर, कोरड्यात, हळू वळणं घेत चालवा. तांबडी माती उतरलेला ओला रस्ता आणि फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प ह्या दोन जागी तर खास जपून. हवा गार टायरमध्ये तपासायची, पेट्रोल पंपापर्यंत दहा किलोमीटर पळवून नाही. पहिल्या दिवशी घरी परत आलात की गाडी गार होऊ द्या, मग एक्सलचा नट, स्प्लिट पिन, ब्रेकचा खेळ आणि चेन पुन्हा एकदा बघा, आणि बेळगावला निघायच्या आदल्या रात्री परत एकदा.